म्हापशाच्या बाजारातली जागा आणि मुंबईचा स्लॉट

गेल्या अंकात पावसाळ्यात रखडणाऱ्या विमानांबद्दल लिहिताना मी 'स्लॉट' हा शब्द एका ओळीत टाकला आणि पुढे सरकलो. त्या एका शब्दावर अकरा पत्रं आली. त्यातली पाच घेतो. बाकीच्यांना आपापली उत्तरं यांतच सापडतील. मोपाच्या नव्या विमानतळावरच्या टॅक्सीभाड्याबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांनी माफ करावं. त्या भांडणात मी या वयात पडणार नाही.

मडगावहून एक वाचक भगिनी: काका, माझी मुलगी मुंबईला नोकरीला आहे. शनिवार-रविवार घरी यायची आणि सोमवारी पहाटे दाबोळीहून निघून वेळेत ऑफिस गाठायची. या हंगामात ते विमान दुपारचं झालं. चौकशी केली तर म्हणे, मुंबईला स्लॉट मिळाला नाही. हा स्लॉट देतं कोण? आणि एवढी मोठी कंपनी, पैसे टाकून तो विकत का घेत नाही?

ताई, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही गेला असालच. मिरच्यावाली कुठे बसते, केळी कुठे, मातीची भांडी कुठे, हे जुना म्हापसेकर डोळे मिटून सांगतो. ती जागा त्या बाईच्या नावावर नसते. जागा पालिकेची, ही फक्त त्या दिवसाचा सोपो, म्हणजे बसायची पट्टी, भरते. पण तिची सासू तिथे बसायची म्हणून आज ती बसते, आणि दुसरीने तिथे टोपली टेकवली तर पुढचा अर्धा तास काय ऐकायला मिळतं ते मी इथे छापू शकत नाही. याला आपण वहिवाट म्हणतो. स्लॉट म्हणजे धावपट्टीवरची वहिवाट. अमुक दिवशी अमुक वाजता उतरायची किंवा उडायची मुभा, आणि तिच्याबरोबर विमान उभं करायची जागा आणि टर्मिनलही. उतरायचा एक, उडायचा एक, म्हणून ते जोडीनेच लागतात.

सगळ्या विमानतळांवर ही भानगड नसते. जगातल्या विमानतळांच्या तीन पायऱ्या केलेल्या आहेत. पहिलीवर या, उतरा, जा. दुसरीवर थोडं इकडेतिकडे करून आपसांत जमवायचं. तिसरीवर स्लॉट हातात नसेल तर विमान आणायचंच नाही. या तिसऱ्या पायरीवर जगात दोनशेच्या आसपास विमानतळ आहेत, आणि मुंबई त्यांतला. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. गर्दीच्या तासाला तिथे ४६ विमानांची ये-जा व्हायची. ती फार होते, विमानं आकाशात घिरट्या घालत बसतात, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने ती ४४ वर आणायला लावली. तासाला ४४ म्हणजे दर ८२ सेकंदांना एक. तुमच्या मुलीचं विमान सकाळी आठच्या सुमाराला मुंबईत उतरायचं, आणि देशातल्या प्रत्येक शहरातल्या प्रत्येक नोकरदाराला नेमकं तेव्हाच उतरायचं असतं.

आता देतं कोण? मुंबई-दिल्लीला विमानतळ चालवणारी कंपनी, प्राधिकरणाच्या विमानतळांवर प्राधिकरण, आणि दाबोळीसारख्या लष्करी धावपट्टीवर नौदलाचा शब्द. वर्षाचे हंगाम दोन: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. दर वेळी आधी वहिवाटदारांचं बघतात. गेल्या वर्षी याच हंगामात याच वेळेची मालिका तुम्ही किमान ८० टक्के वापरली असेल तर यंदाही ती तुमची. ३० आठवड्यांच्या उन्हाळ्यात, समजा, सोमवारचा स्लॉट २४ सोमवार वापरला तर राहिला, २३ वापरला तर गेला. उरलेलं एका डबक्यात जमा होतं आणि त्यातला निम्मा वाटा नव्याने येणाऱ्यांसाठी, असा दंडक आहे. ऐकायला छान. पण मुंबईच्या डबक्यात असतं काय? रात्रीचे अडीच, दुपारचे तीन. मिरच्यावालीच्या शेजारची जागा डबक्यात कधी येत नाही.

यातलं मला जे काही कळतं ते एका चुकीतून कळलं. दाबोळीच्या काउंटरवर बरीच वर्षं काढल्यावर कंपनीने मला मुंबईला शेड्यूलच्या टेबलावर बसवलं. वीसेक वर्षं झाली त्याला. गोव्याहून आखातात आठवड्याला चार फेऱ्या सुरू करायच्या होत्या. परत येणारं विमान तिथून रात्री अडीचला निघणार: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. स्लॉटची मागणी तारेसारख्या एका आखूड संदेशात जाते. हंगाम, विमानतळाची तीन अक्षरं, तारखा, आसनं आणि वारांचे आकडे. सोमवार १, रविवार ७, जिथे उड्डाण नाही तिथे शून्य. आणि वेळ ग्रिनिचची. आखातातलं ते शहर ग्रिनिचच्या चार तास पुढे. रात्रीचे अडीच म्हणजे ग्रिनिचचे साडेदहा, हे मी बरोबर लिहिलं. पण ते साडेदहा आदल्या रात्रीचे, हे विसरलो, आणि वार मात्र १, ३, ५, ६ असे तिथलेच टाकले.

उत्तर आलं तेव्हा वाचून पोटात गोळा आला. आम्हाला मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार मिळाले होते. चारांतला फक्त शनिवार जुळला. मग स्लॉट परिषद. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, जगभरातले शेड्यूलवाले एका मोठ्या हॉलमध्ये जमतात. विमानतळागणिक एकेक टेबल, आणि विमान कंपन्यांची माणसं वही घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. 'माझे सहा वीस घे, तुझे सात दे.' फुलांचा घाऊक बाजार जसा. मी तिथे एकदाच गेलो, तो हात जोडायला. सोमवार आणि बुधवार पदरात पडले. शुक्रवारचे अडीच दुसऱ्याने उचलले होते. आम्हाला चार चाळीस देऊ केले. चार चाळीसला निघालेलं विमान दाबोळीला पोचणार सव्वानऊला. आणि शुक्रवारी सव्वानऊला दाबोळीची धावपट्टी नौदलाची असते, प्रवासी विमानाची नव्हे! म्हणजे तिकडचा स्लॉट हातात असून इकडे उतरायला जागा नाही. शेवटी चुकून मागितलेला रविवारच ठेवून घेतला आणि वर्षभर सोमवार, बुधवार, शनिवार, रविवार असे उडलो. आखातातली आपली माणसं शुक्रवारची सुट्टी धरून घरी येतात, तेवढीच फेरी नेमकी गेली. साहेब काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर माझ्या टेबलावर दोन घड्याळं लावली गेली, एक आपलं आणि एक ग्रिनिचचं.

राहिला विकत घेण्याचा प्रश्न. आपल्याकडे स्लॉटच्या बदल्यात स्लॉट अशी अदलाबदल चालते, विक्री नाही. लंडनला चालते. तिथल्या हीथ्रो विमानतळावर वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा आहे, त्यामुळे तिथली वहिवाट सोन्याच्या भावाने जाते. कॉन्टिनेंटल या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये चार जोड्यांना २० कोटी ९० लाख डॉलर मोजले. पुढे पहाटेच्या एकेका चांगल्या जोडीला साडेसात कोटी डॉलरपर्यंत भाव गेल्याच्या बातम्या आल्या. गंमत अशी की हे पैसे विमानतळाला मिळत नाहीत, सरकारला मिळत नाहीत. ज्याने ती जागा फुकटात मिळवली आणि वर्षानुवर्षं सोडली नाही, त्याच्या खिशात जातात.

आणि युरोपच्या नियमात विक्री हा शब्दच नव्हता, होती फक्त अदलाबदल. मग लोकांनी काय करावं? चांगला स्लॉट तुम्हाला दिला, बदल्यात कोणालाच नको असलेला एक भिकार स्लॉट घेतला, टेबलाखालून नव्हे, टेबलावरूनच पैसे घेतले, आणि तो भिकार स्लॉट नंतर परत करून टाकला. कागदावर अदलाबदल झाली. हे १९९९ मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेलं, आणि ताई, नेणारं कोण होतं बघा: ग्वेर्नसी नावाचं छोटं बेट. त्यांच्या हीथ्रोच्या विमानाचे स्लॉट एअर यूकेने ब्रिटिश एअरवेजला अशाच अदलाबदलीत दिले आणि बेटाची हीथ्रोची वाट बंद झाली. बेटवाले हरले. कोर्ट म्हणालं, वर पैसे दिले तरी ती अदलाबदलच.

तुमच्या मुलीच्या विमानाचं दुखणं याच जातीचं आहे. मुंबईच्या सकाळच्या एका स्लॉटवर गोव्याहून विमान आणा नाहीतर दुबईहून, स्लॉट एकच जातो. कंपनी ज्यात चार पैसे जास्त त्यात तो वापरणार. तुम्हाला सांगितलेलं 'स्लॉट मिळाला नाही' हे खरंही असेल. पण असलेला स्लॉट दुसऱ्या गावाला दिला, हेसुद्धा त्याच वाक्यात सांगता येतं. मीही ते वाक्य काउंटरवर पुष्कळदा वापरलंय.

पणजीहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी: स्लॉट टिकवायला कंपन्या रिकामी विमानं उडवतात असं वाचलं. खरंच?

खरंच. ब्रिटिश मेडिटरेनियन नावाच्या कंपनीने ताश्कंदची फेरी बंद केली आणि हीथ्रोचा स्लॉट रिकामा पडला. तो जाऊ नये म्हणून २००६ च्या हिवाळ्यात त्यांनी हीथ्रो ते कार्डिफ असं विमान सुरू केलं, आठवड्यातून सहा दिवस, आत एकही प्रवासी नाही. तिकीटच विकत नव्हते. गावात घराला कुलूप आहे पण रोज संध्याकाळी कोणीतरी येऊन दिवा लावून जातं, तसं. कोविडच्या सुरुवातीला युरोपात हाच प्रकार दिसू लागला तेव्हा मार्च २०२० मध्ये ८० टक्क्यांचा नियम काही काळ बाजूला ठेवावा लागला. नियम मुळात चांगल्यासाठी केलेला, जागा अडवून बसू नये म्हणून. पण ८० टक्के 'उडालं पाहिजे' एवढंच तो बघतो, आत कोण बसलंय ते बघत नाही.

कळंगुटहून एक गेस्टहाउसवाले: इंग्लंडहून चार्टर आणणाऱ्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या, आमची वीस-वीस वर्षांची गिऱ्हाईकं गेली. त्यांचे स्लॉट त्यांच्याबरोबरच मेले का?

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण याचं उत्तर लंडनला एक आहे आणि मुंबईला दुसरं.

मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ ला बंद पडली. विमानं गेली, परवाना जाण्याच्या वाटेवर. पुढच्या उन्हाळ्याचे लंडनच्या गॅटविक विमानतळाचे स्लॉट द्यायला ते वाटणाऱ्या समन्वयकाने नकार दिला. जी कंपनी उडणारच नाही तिला कशाला? प्रकरण अपील कोर्टात गेलं आणि कोर्टाने मोनार्कच्या बाजूने निकाल दिला. ते स्लॉट विकले गेले आणि पैसे मोनार्ककडून ज्यांचं येणं होतं त्यांच्या वाट्याला आले. तेवीस महिन्यांनी थॉमस कुक बुडाली. तिचे गॅटविक आणि ब्रिस्टलचे स्लॉट इझीजेटने ३ कोटी ६० लाख पौंडांना घेतले. तुमची गिऱ्हाईकं ज्या वेळेला गॅटविकहून निघून दाबोळीला यायची, त्या वेळेला आता कोणी स्पेनला जात असेल. वेळ मेली नाही, तुमच्याकडे यायची थांबली.

आता आपल्याकडचं बघा. जेट एअरवेजने २०१३ मध्ये हीथ्रोच्या आपल्या तीन जोड्या अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला ७ कोटी डॉलरना विकल्या आणि त्याच जोड्या भाड्याने परत घेऊन वापरत राहिली. सहा वर्षांनी, १७ एप्रिल २०१९ ला, तीच जेट जमिनीवर आली. मुंबई-दिल्लीतले तिचे स्लॉट सरकारने इतर कंपन्यांना तात्पुरते म्हणून वाटून दिले. पुढे जेट पुन्हा उभी करायला निघालेल्यांनी ते मागितले, तेव्हा सरकारने कंपनी न्यायाधिकरणात सांगितलं की जुन्या वहिवाटीवर हक्क सांगता येणार नाही, मोकळे असतील तसे नियमाने मिळतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढायचा आदेश दिला, आणि तो विषय संपला. एकाच कंपनीची वहिवाट, लंडनला सात कोटी डॉलर, मुंबईला शून्य.

आपण गोंयकार, आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. भाटकार, कूळ आणि मुंडकार यांच्यात अर्धं आयुष्य गेलेली माणसं आपण. मुंडकाराचं घर भाटकाराच्या, म्हणजे मालकाच्या, जमिनीत. जमीन त्याची नव्हे, पण त्याला उठवताही येत नाही. लंडनचा स्लॉट मुंडकारासारखा होता होता मालकीचा झाला. आपल्या सरकारने विमान कंपनीला मुंडकारही होऊ दिलं नाही. माझं मत विचाराल तर मला आपली रीत जास्त पटते. सार्वजनिक धावपट्टीची वेळ विकून कोणी कर्ज फेडावं हे मनाला येत नाही. फक्त एक खटकतं. लंडनला निदान समजतं, कोणी कोणाकडून कितीला घेतला. आपल्याकडे एखाद्या बंद पडलेल्या कंपनीचे सकाळचे स्लॉट कोणाला का गेले, हे शेड्यूलच्या टेबलावर बसूनही आम्हाला नीट कळायचं नाही.

पेडण्याहून एक वाचक: मोपा आमच्या दारात आहे, रात्रंदिवस उघडा आहे. मग दाबोळीच्या मर्यादांचं रडगाणं कशाला? सगळी विमानं इकडे आणली की स्लॉटचा प्रश्न मिटला.

अर्धा मिटला. दाबोळी हा नौदलाचा हंसा तळ. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारी एकच्या सुमारापर्यंत तिथे नौदलाचा सराव चालतो. मी काउंटरवर होतो तेव्हा सी हॅरियर ही लढाऊ विमानं होती. ती उठली की समोरच्या प्रवाशाचं नाव तीनदा विचारावं लागायचं. नंतर मिग २९ के आली. तो तळ आहे म्हणूनच १९६२ पासून ती धावपट्टी जिवंत आहे, हेही लक्षात ठेवा. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं येऊ लागली आणि सकाळची ती कोंडी तिथे नाही हे खरं. कतार एअरवेज जून २०२४ मध्ये दाबोळी सोडून तुमच्याकडे आली, ती उगाच नव्हे.

पण विमानाला टोकं दोन असतात. मोपाला सकाळी सातला उडायची मुभा मिळेल हो, सव्वाआठला मुंबईला उतरू कोण देणार? माझ्या आखाती शुक्रवारची गोष्ट उलटी करून वाचा. शिवाय सातला मोपाहून उडायचं तर ते विमान आदल्या रात्री मोपाला मुक्कामाला हवं. म्हणजे रात्री उशिरा मुंबई सोडायचा स्लॉटही हवा. कंपन्यांचा हिशेब त्या मुक्कामापासून सुरू होतो. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालंय. तिथले पहाटेचे स्लॉट कोण कोण धरून बसतं त्यावर मोपा-मुंबईच्या सकाळचं ठरेल. मडगावच्या ताईंनीही तिकडे लक्ष ठेवावं, मात्र मुलीचं ऑफिस नरिमन पॉइंटला असेल तर नको.

वास्कोहून एक वाचक: मागच्या आठवड्यात विमानाचं दार बंद झालं आणि वैमानिक म्हणाला, 'मुंबईहून आपल्याला चाळीस मिनिटांनंतरचा स्लॉट मिळालाय.' तिकीट काढलं तेव्हा स्लॉट नव्हता काय?

होता. हा वेगळा. वर लिहिलेला स्लॉट काही महिने आधी मिळतो, तो शेड्यूलवाल्यांचा. वैमानिक सांगतो तो त्याच दिवसाचा, हवाई वाहतूक नियंत्रणाचा. मुंबईवर पाऊस आला, धावपट्टी काही वेळ थांबली, की आकाशात घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा तुम्हाला दाबोळीलाच उभं ठेवतात. दार आधी लावतात ते यासाठी की मधेच वेळ अलीकडे आली तर लगेच निघता यावं. दार उघडं असेल आणि दोन माणसं खाली चहाला गेलेली असतील तर ती वेळ हुकते आणि मग पुन्हा रांगेच्या शेपटाला. तेव्हा चाळीस मिनिटं आत बसावं लागलं म्हणून हवाईसुंदरीवर ओरडू नका. पाणी मागा, ते देतात.